घर्षण शून्य केलं तरी

घर्षण पूर्ण घालवलं तर कुठलंही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम होईल, असं वर कुणीतरी लिहिलंय. गिअरबॉक्ससारख्या यंत्रापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. मोठे ट्रान्सफॉर्मर तर आजही ९९ टक्क्यांच्या आसपास जातात. उरलेली ऊर्जा तांब्याची वेटोळी आणि लोखंडी गाभा तापवण्यात जाते. त्यांचा तो सततचा गुणगुणाट ऐकू येतो ना, त्यातही चिमूटभर.

पण उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनात घर्षण हा मुख्य आरोपी नाहीच. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवलं की अशा इंजिनाची कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते: उष्णता कुठल्या तापमानाला आत येते आणि कुठल्या तापमानाला बाहेर टाकली जाते. ८०० केल्विनला (साधारण ५२७ अंश सेल्सियस) घेतली, ३०० ला (साधारण २७ अंश) सोडली, तर जास्तीत जास्त ६२.५ टक्के. बेअरिंग कितीही गुळगुळीत करा, बाकीचे ३७.५ टक्के बाहेर टाकावेच लागतात. औष्णिक वीजकेंद्रातले अवाढव्य कूलिंग टॉवर त्यासाठीच असतात. (गंमत म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेव्हा मांडलाच गेला नव्हता, कार्नो उष्णतेला एक प्रकारचा द्रव समजून हिशेब करत होता, आणि तरी उत्तर बरोबर आलं.)

शिवाय ते ६२.५ टक्के गाठायचे तर इंजिन अनंत सावकाश चालवावं लागतं, म्हणजे त्यातून मिळणारी शक्ती जवळपास शून्य. कामापुरता वेग हवा असेल तर आणखी काही टक्क्यांवर पाणी सोडावंच लागतं.