मदत हवी आहे: पाड्याची लोकसंख्या कशी दाखवायची?

नमस्कार मंडळी. आमचा पाडा आदिवासी क्षेत्रात, डोंगरावर. पावसाळ्यात आजारी माणसाला अजूनही डोलीतून खाली न्यावं लागतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा 2024 मध्ये मंजूर झाला. त्यात 2011 ची जनगणना धरतात आणि अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात किमान 250 लोकसंख्येच्या वस्तीला रस्ता मिळू शकतो, एवढं कळलं.

अडचण अशी की जनगणनेत आकडा अख्ख्या महसुली गावाचा, म्हणजे मूळ गाव आणि त्याचे सगळे पाडे मिळून असतो. मूळ गावाला डांबरी रस्ता आहे, म्हणून कार्यालयात सांगतात, 'तुमचं गाव जोडलेलं आहे.' अहो, गाव जोडलंय, पाडा कुठे? वेगळी वस्ती म्हणून नोंद करायला नेमका कोणता पुरावा चालतो? ग्रामसभेचा ठराव पुरेल का? अंगणवाडीच्या सर्वेक्षणाची यादी जोडली तर? आम्ही एकटे 250 भरत नाही, पण जवळचा दुसरा पाडा धरून भरतो. असं एकत्र कुणी करून घेतलंय का?

शिवाय मधला थोडा पट्टा वनजमिनीचा. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली एक हेक्टरपेक्षा कमी जमीन रस्त्याला देता येते, त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. तो प्रस्ताव आधी टाकायचा की रस्ता मंजूर झाल्यावर? ठरावाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.