अपस्मार: कुणाकुणापासून लपवावा लागला?

माझ्या धाकट्या बहिणीला नववीपासून अपस्मार आहे. नातेवाइकांच्या लेखी मात्र तिला आजही 'मायग्रेन' आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोक या आजारासह जगतात आणि वेळेवर निदान, नीट औषधं मिळाली तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात. पण औषधं नियमित घ्यायची तर ती उघडपणे घेता आली पाहिजेत. माझा सगळा राग तिथेच आहे. कुणापासून लपवायला सांगितलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते या धाग्यावर लिहा. नावं, गावं बदललीत तरी चालेल. कुठली गोळी घ्यावी हे मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

शिक्षिका, सांगली जिल्हा

लग्न ठरताना आईने शपथ घातली होती. गोळ्या पर्सच्या अस्तरात ठेवून सासरी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्रीची जागरणं, उपास, आणि पाणी प्यायला उठलं तरी कुणीतरी बघतंय. दोन-तीन वेळा गोळी चुकली आणि सत्यनारायणाच्या पूजेला बसले असतानाच फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा मोठ्या जाऊबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाकी सगळे भिंतीला लागून उभे. संध्याकाळपर्यंत वडिलांना फोन गेला, "तुमची मुलगी घेऊन जा."

पुढे वकिलांकडून कळलं की १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या बरोबरीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हेही लग्न रद्द करण्याचं कारण होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अपस्मार वगळला. म्हणून सासरच्यांनी आजाराऐवजी 'फसवणूक' हा मुद्दा धरला. लपवलं होतं हे खरंच होतं, त्यावर आम्ही काय बोलणार? शेवटी संमतीने वेगळे झालो. आईला दोष देत नाही. आधी सांगितल्यावर किती स्थळं परत गेली होती, ते तिने एकटीने पाहिलं होतं. आता गोळ्यांचा डबा शाळेत टेबलावर असतो. मुख्याध्यापकांपासून शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

एका आठ वर्षांच्या मुलाचे बाबा

याच्या फिट्समध्ये पडणं, थरथरणं काही नाही. बोलता बोलता काही सेकंद नजर स्थिर होते आणि मग तो जिथे थांबला तिथून पुढे चालू. बाईंनी डायरीत लिहिलं, 'लक्ष देत नाही, मुद्दाम उत्तर देत नाही.' यासाठी त्याला वर्गाबाहेर उभं केलं गेलं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढल्यावर उलगडा झाला. ते शाळेला सांगितलं, तर सहलीच्या आधी मागणी आली, 'फिट येणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा.' असं कोण लिहून देईल? डॉक्टरांनी त्याऐवजी फिट आल्यास काय करायचं ते अर्ध्या पानावर मराठीत लिहून दिलं. नवीन वर्गशिक्षिकेने ते वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि त्याला सहलीला नेलं.

स्टोअर्स विभाग, पिंपरी

मला लेथवरून काढून स्टोअरला टाकलं, ते बरोबरच केलं. फिरत्या मशीनजवळ मी नको, हे मलाही पटतं. गाडी चालवत नाही, कारण लायसनच्या अर्जात अपस्माराचा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि मला तिथे खोटं लिहायचं नाही. या मर्यादा आजाराच्या आहेत, त्या मी पाळतो. पण कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही, ते कुठल्या डॉक्टरने सांगितलं? एकदा कंपनीच्या गेटवर फिट आली तेव्हा नाकाला चप्पल लावली, दातांत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. फिट आपली आपण थांबली. पुढचा दात कायमचा गेला.

मराठवाडा

माझ्या आत्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. भाकरी थापताना फिट आली आणि ती चुलीवर पडली. घरात माणसं होती. पण अशा वेळी शिवलं की आपल्यालाही होतं, असा समज. ओढायला कुणी पुढे झालं नाही. देवऋषी, अंगारे, उतारे सगळं झालं, दवाखाना झाला नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. एवढंच लिहायचं होतं.

दोन वर्षांच्या मुलीची आई, ठाणे

'मूल होऊ देऊ नका' हा सल्ला मला डॉक्टर सोडून सगळ्यांनी दिला. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी आधीच सांगून ठेवलं होतं की दिवस राहण्यापूर्वी या. माझं व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध चालू होतं, ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून काही महिने आधीपासून त्यांनी हळूहळू औषध बदललं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे दर भेटीत बजावलं. बारशाला एका काकूंनी पाळण्यात वाकून विचारलं, "हिलाही येतात का गं?" नाही येत. अपस्मार असलेल्या बहुतेक आयांच्या मुलांना तो होत नाही.

कॉलेजची विद्यार्थिनी

पुढच्या आठवड्यात हॉस्टेलला जातेय. घरचे म्हणतात, सांगू नकोस. रूममेटला काय आणि किती सांगू?

धागाकर्ती

सांग गं, पहिल्याच दिवशी. मोठी प्रस्तावना नको. 'मला फिट येते, गोळ्या चालू आहेत. आली तर घाबरू नकोस, आजूबाजूचं टोकदार सामान सरकव, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेव, मला कुशीवर वळव, घड्याळ बघ. दाबून धरू नकोस, तोंडात काही घालू नकोस, पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन कर.' एवढं पुरे. पुण्यात असशील तर 'संवेदना' या एपिलेप्सी सपोर्ट ग्रुपलाही जाऊन ये, तिथे तुझ्यासारख्या मुली भेटतील. आणि रूममेटने काही वेडंवाकडं विचारलं तर इथे येऊन लिही, आपण मिळून उत्तर शोधू.