बक ११० : जड आहे, तरीही घ्या

हरणाच्या शिकारीच्या मोसमासाठी बक कंपनीचा ११० हा घडीचा चाकू घ्यावा का, या प्रश्नावर एकांनी तो 'जुनाट आणि जड' म्हणून मोडीत काढलाय. जड आहे खरा, सुमारे २०० ग्रॅम. पितळ आणि लाकडाची मूठ म्हटल्यावर तेवढं होणारच. पण १९६४ पासून तो टिकलाय तो लॉकमुळे. पावणेचार इंची पातं उघडलं की पाठीकडचा खटका घट्ट बसतो. जनावर सोलताना हात रक्ताने निसरडे होतात, तेव्हा पातं बोटांवर मिटण्याची भीती फार कमी. घडीच्या चाकूत माझ्या मते याहून महत्त्वाचं काही नाही. धारही साध्या दगडावर लागते. फक्त चाकूच्या सांध्यात अडकलेली चरबी लगेच धुऊन कोरडी करा. एका हाताने उघडणारा हवा असेल तर मात्र हा नको. रोज खिशात बाळगायचा असेल, तर नायलॉन मुठीचा ११० एलटी बघा, वजन निम्म्याहून कमी.