खिडक्या बदलताना वॉरंटी: २० वर्षं की १०?

कोथरूड_चौथा_मजला:
सहा जुन्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बदलायच्या आहेत. तीन पश्चिमेला, पावसाचा थेट मारा. यूपीव्हीसीवाला (कडक प्लास्टिकच्या खिडक्या) २० वर्षं वॉरंटी म्हणतोय, ॲल्युमिनियमवाला १०. भावात फारसा फरक नाही. मग यूपीव्हीसीच घ्यावी का?

चौकटराव:
२० वर्षं कशाची, ते आधी वाचा. बहुतेक वेळा ती फक्त प्रोफाइलची, म्हणजे चौकट आणि सरकतं शटर ज्या पट्ट्यांचं बनतं त्यांची असते: पिवळं पडणं, वाकणं, तडकणं. ती देते प्रोफाइल बनवणारी कंपनी. खिडकी कापून, वेल्ड करून बसवतो फॅब्रिकेटर, आणि त्याची वॉरंटी बऱ्याचदा वर्षभराचीच. प्रोफाइल सहसा बिघडत नाही हो. आधी जातात शटरची चाकं, मग लॉक, मग भिंतीलगतचं सिलिकॉन. म्हणून प्रोफाइल, हार्डवेअर, काच, गास्केट (काचेभोवतीची रबरी पट्टी), जाळी आणि फिटिंग यांची वर्षं दोघांकडूनही वेगवेगळी लिहून घ्या. ॲल्युमिनियमवाल्याची १० वर्षंही नुसत्या पावडर कोटिंगची, म्हणजे वरच्या रंगाच्या थराची असू शकतात. थर किती मायक्रॉनचा ते विचारा, ६० च्या खाली नको.

डबल काच घेणार असाल तर दोन काचांच्या मध्ये बाष्प धरणं वॉरंटीत आहे का ते बघा. सील गेलं की ते पुसता येत नाही, आख्खी काच बदलावी लागते.

झड_पश्चिमेची:
पश्चिमेच्या खिडकीचं खरं दुखणं गळती, आणि वॉरंटी कार्डात तो शब्दच सापडत नाही. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने निचऱ्याची बारीक भोकं असतात. सिलिकॉन मारणारा घाईत तीही बुजवतो, मग जोराच्या सरीत ट्रॅक भरून पाणी थेट हॉलमध्ये. त्यावर कंपनी म्हणणार फिटिंगचा दोष, फॅब्रिकेटर म्हणणार भिंतीचा. शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर वाहून गेलं पाहिजे, तुंबता कामा नये.

सिलिकॉन न्यूट्रल हवं. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर काम तिथेच थांबवा. त्या वासाचं सिलिकॉन सिमेंटला आणि दगडाला नीट धरत नाही. चौकटीचे स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५० मिमीवर, पुढे दोन स्क्रूंमध्ये ६०० मिमीपेक्षा जास्त अंतर नको. नुसत्या फोमवर चौकट उभी करणाऱ्याला परत पाठवा.

कोथरूड_चौथा_मजला:
चार वर्षांत फ्लॅट विकायचाय. वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का?

चौकटराव:
लिहिलेलं असेल तरच. कार्डावर नुसतं तुमचं नाव नको, फ्लॅटचा पत्ताही हवा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कच्च्या पावतीवर क्लेम करायला गेलात तर पहिलाच नकार तिथे. भरपाई दर वर्षी घटत जाणारी आहे का तेही विचारा, कारण तशी असेल तर २० पैकी १० व्या वर्षी साधारण निम्मीच रक्कम हातात येते. आणि चौथ्या मजल्यावर बाहेरून काम करायचं तर परांची किंवा दोरीवरचा माणूस लागतो. 'फक्त मटेरियल' असं छापलेलं असेल तर तो खर्च तुमच्या माथी.

झड_पश्चिमेची:
टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच काही न लागताही फुटू शकते, काचेतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे. 'काच फुटणे वगळून' ही ओळ असेल तर अशी आपोआप फुटलेली काच वॉरंटीत धरली जाईल, एवढं आत्ताच लिहून मागा. आणि बाईंना सांगून ठेवा, ट्रॅक फरशीच्या ॲसिडने धुवायचे नाहीत. वॉरंटी बाद करायला तेवढं निमित्त पुरतं.