४९-० चा वाद

बी-३०४ : काका, सकाळी लिफ्टमध्ये म्हणालात बॉक्सिंगमध्ये रॉकी मार्सियानो मुहम्मद अलीला भारी पडला असता. सिरियसली?

ए-१०१ काका : मग काय. ४९ फाइट, ४९ जिंकल्या, ४३ नॉकआउट. तुझा अली पाच वेळा हरलाय

बी-३०४ : अहो पण मार्सियानो कोणाशी खेळला ते बघा ना, १९५१ ला जुना चॅम्पियन जो लुईसला पाडलं म्हणतात तेव्हा लुईस ३७ चा, रिटायर होऊन परत आलेला, टॅक्सची थकबाकी डोक्यावर म्हणून खेळत होता बिचारा. १९३८ चा लुईस, ज्याने जर्मन बॉक्सर श्मेलिंगला पहिल्याच राउंडला आडवा केला, तो समोर असता तर? आणि मार्सियानोचं वजन ८५ किलो हो. १९७४ ला आफ्रिकेत किन्शासाला अली आणि जॉर्ज फोरमनची फाइट झाली तेव्हा दोघं शंभरच्या आसपास होते

सी-२०२ : टायसन!! विसाव्या वर्षी चॅम्पियन. विषय संपला

ए-१०१ काका : कसला संपतोय. १९९० ला टोकियोत डग्लसने झोपवला तेव्हा जेमतेम २३ चा होता. किन्शासाला अली ३२ चा असून फोरमनचे ठोसे खात दोराला टेकून राहिला, त्याला दमवला आणि आठव्या राउंडला काम केलं. याला म्हणतात डोकं

बी-३०४ : काका तुम्ही आमच्या पार्टीत आलात 😂

ए-१०१ काका : थांब, ते वेगळं

डी-५०१ ताई : फ्रेझर कोणाला आठवत नाहीये का? ७१ ला त्याने अलीला हरवलं, ७३ ला फोरमनने त्याला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, ७४ ला अलीने फोरमनला. आता लावा नंबर! नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि तोच नॉर्टन फोरमनसमोर दुसऱ्या राउंडला गारद. कोण मोठा यापेक्षा कोणाचा खेळ कोणाला जड जातो ते बघायचं असतं

सी-२०२ : 🙄

एफ-१०३ : वजनाचा फरक बाजूला ठेवला तर सगळ्यात भारी शुगर रे रॉबिन्सन, कमी वजनगटातला बॉक्सर. लामोटा त्याच्यापेक्षा जड गडी, सहा वेळा भिडले, पाच वेळा रॉबिन्सन. बाकी चालू द्या

बी-३०४ : काका तुमच्यासाठी एक गंमत. १९६९ ला अली आणि मार्सियानोला खरंच रिंगमध्ये उतरवलं होतं. अलीवर तेव्हा बंदी, मार्सियानो रिटायर होऊन तेरा वर्षं झालेली, वजन उतरवून आणि डोक्यावर विग लावून आला. लुटुपुटूची मारामारी, वेगवेगळे शेवट शूट केले, जिंकणार कोण ते म्हणे कॉम्प्युटर ठरवणार. थिएटरात लागायच्या आधीच मार्सियानो विमान अपघातात गेला, त्याला निकाल कळलाच नाही

ए-१०१ काका : जिंकलं कोण?

बी-३०४ : मार्सियानो. तेराव्या राउंडला नॉकआउट

ए-१०१ काका : बघा!! कॉम्प्युटर पण तेच म्हणतो 💪

डी-५०१ ताई : काका, युरोपात दाखवला त्यात अली जिंकला होता

ए-१०१ काका : तिकडचं व्होल्टेज वेगळं असतं