गटारी बार्बेक्यूचं टेबल

प्रेषक: गौरी
विषय: टेबल!!! (शनिवार ८ ऑगस्ट)

मंडळी नमस्कार,
घाईत लिहितेय. शनिवारचं बाकी सगळं ठरलंय, कोळसा हेमंत आणतोय, मॅरिनेशन नेहमीच्या दोन घरी, कणसं आणि केळीची पानं वेम्ब्लीहून. राहिलंय ते टेबल. अंजूच्या गार्डनमध्ये आपली तीन फोल्डिंगची टेबलं एकाला एक लावली की १८ फूट होतात आणि मागच्या वर्षी त्यावर जो प्लॅस्टिकचा रोल अंथरला होता त्याचं काय झालं ते आठवतंय ना, शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवरून काढून आणला होता, चटणीसकट. म्हणून या वेळी मी म्हणतेय नऊवारी अंथरूया. नऊ वार म्हणजे २७ फूट, टेबलं झाकून दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार फूट उरतं. टेबलाची रुंदी ३० इंच, साडीचा पन्हा ४५ धरला तरी दोन्ही बाजूंनी छान लोंबेल. डेकोरेशनच्या डब्यात ती हिरवी इरकल आहे ना, लाल पदराची? विद्याताई, मिळेल का? वर केळीची पानं, झेंडू, पितळी तांबे, बास.
बुधवारपर्यंत सांगा प्लीज.
गौरी

---

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: टेबल!!! (शनिवार ८ ऑगस्ट)

गौरी,
पहिली गोष्ट, डेकोरेशनचा डबा माझ्याकडे नाही. दिवाळीनंतर तो कोणी नेला ते ज्याने नेला त्याला माहीत आहे, मी नाव घेत नाही. दुसरी गोष्ट, ती इरकल मंडळाची नाही. माझ्या सासूबाईंची आहे. स्टेजच्या मागे लावायला म्हणून एका संध्याकाळपुरती दिली होती, ती परत आली तेव्हा काठाला हळदीचा हा एवढा डाग. आणि ज्याने 'धुऊन देतो' म्हणून साबण लावला त्याने डाग लालभडक करून ठेवला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तीन वीकेंड उन्हात घातली तेव्हा कुठे गेला, तेही लंडनमधल्या हॅरोच्या उन्हात, म्हणजे बघा.
आता तिच्यावर तंदुरीचे तुकडे ठेवणार? आणि पाऊस आला तर तो लाल पदर रंग सोडेल आणि हिरव्यावर उतरेल. मी देणार नाही. राग मानू नये.
तिसरी गोष्ट, विषयात नाही पण व्हॉट्सॅपवरच्या पोस्टरमध्ये 'गटारी' लिहिलंय. बुधवारी १२ तारखेला दिव्याची अवस आहे. दिव्याची अवस म्हणायला काय होतं?
विद्या

---

प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: उत्तर: टेबल!!!

साडी कुठली ते तुम्ही ठरवा, माझा मुद्दा वाऱ्याचा आहे. अंजूकडे मागच्या कुंपणाच्या फटीतून वारा सरळ टेबलाच्या लांबीने येतो, कापड लांब असेल तेवढं शीड होणार. वर तांबे ठेवून मधला भाग धरला जाईल पण कडा फडफडणारच आणि कडा फडफडली की ग्लास पडतो. कडांना वजन पाहिजे.
उपाय: २ पेन्सची नाणी. एक नाणं ७.१२ ग्रॅमचं. १९९२ नंतरची नाणी आतून स्टीलची आहेत, वरून फक्त तांब्याचा मुलामा, म्हणजे लोहचुंबकाला चिकटतात. कापडाच्या आतल्या बाजूने नाणं, बाहेरून छोटा चुंबक, टाका नको, भोक नको, साडी खराब होत नाही. दर दोन फुटांवर एक जोडी लावली तर दोन्ही कडा मिळून २० जोड्या पुरतात. जुनी नाणी आणू नका, ती ब्राँझची आहेत, चिकटत नाहीत. घरी चुंबक लावून बघून मगच आणा.

---

प्रेषक: स्मिता
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: टेबल!!!

प्रसाद, टेबलं प्लॅस्टिकची आहेत, चुंबक कशाला चिकटणार?
आणि एक विचारायचं होतं, व्हेजचं टेबल वेगळं आहे ना? मागच्या वेळी पनीरच्या स्क्युअर्सना चिकनचा चिमटा लागला होता आणि आईने दिवसभर नुसती कणसं खाल्ली. ती बोलली नाही काही, पण मला कळतं.

---

प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: टेबल!!!

स्मिता, टेबलाला नाही चिकटवायचाय, नाण्याला. मधे फक्त कापड. परत वाच.

---

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)
विषय: नाणी

डेकोरेशनचं बजेट ४० पौंड आहे, त्यातले १८ पानांना आणि फुलांना जातील. चुंबकांची पावती लागेल. २० नाणी म्हणजे ४० पेन्स, ती ज्याची त्याने परत न्यावीत, मी हिशोबात धरणार नाही. पार्किंगचं परत एकदा सांगतो, ड्राइव्हवे अडवू नका.

---

प्रेषक: गौरी
विषय: उत्तर: टेबल!!!

विद्याताई, सॉरी, मला खरंच वाटलं मंडळाची आहे. राहू दे ती.
स्मिता, व्हेज वेगळं ठेवायचं तर १२ फुटांचं एक आणि ६ फुटांचं एक असं होणार, मग नऊवारीचा सगळा बेतच बिघडतो. १२ फुटांवर २७ फूट कापड म्हणजे दोन्ही टोकांना साडेसात फूट, लोक पाय अडकून पडतील. एल आकारात लावलं तर कोपऱ्यावर साडीची चुणी उभी राहते, मी डायनिंग टेबलावर करून बघितलं, त्या चुणीवर ग्लास ठेवता येत नाही.
टेबल सलगच ठेवूया ना, एका टोकाला व्हेज, मधे भाकऱ्या-सॅलड-चटण्या, दुसऱ्या टोकाला नॉनव्हेज. चिमट्यांना रंगीत दोरा बांधते, हिरवा तो व्हेज.

---

प्रेषक: नानाकाका
विषय: उत्तर: उत्तर: टेबल!!!

सर्वांस सप्रेम नमस्कार.
तुमची चर्चा वाचून मौज वाटली. आमच्या अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ज्याला हवी त्याची कोंबडी, तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवतीने जाळ. अर्ध्या तासात काम. टेबल नाही, कापड नाही. शेतात केळीचं पान टाकायचं आणि मडकं त्यावर ओतायचं, बास, बोटं भाजत खायचं. सोलापूरकडचे लोक हुरडा खातात त्यांचंही तेच, गोवऱ्यांची आगटी आणि भोवती पोती. विस्तवावरचं जेवण आणि इस्त्रीचं कापड यांचं गोत्र जमत नाही.
अर्थात माझं कोण ऐकतंय. पानाचं म्हणाल तर टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावं एवढं पाळा.

---

प्रेषक: अंजू
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: टेबल!!!

पण काका, बुफे आहे ना, लोक दोन्ही बाजूंनी वाढून घेणार. एका बाजूच्याला डावीकडे आलं की समोरच्याला उजवीकडे येणार!
बरं, गार्डन माझं आहे तर माझ्या अटी सांगून टाकते. १. बार्बेक्यू गझीबोखाली अजिबात नाही, पाऊस आला तरी नाही, धूर कोंडतो आणि वरचं कापड पेटायला एक ठिणगी पुरते. टेबलं गझीबोखाली, शेगडी कुंपणापासून लांब उघड्यावर. २. जे काही अंथराल ते सुती असू दे. पॉलिएस्टरवर निखारा पडला की ते वितळून चिकटतं, माझ्या नणंदेच्या हातावर वण आहे. ३. टेबलावर रांगोळी नको म्हणजे नको. गणपतीत भेळेत आलेली ती कोणाला शेव वाटली होती ते मी सांगत नाही.
आणि गांधीलमाश्यांचं बघा कोणीतरी. ऑगस्टमध्ये त्या फार पिसाळतात.

---

प्रेषक: केतकी
विषय: गांधीलमाश्या

अंजूताई, पिसाळत नाहीत, उपाशी असतात बिचाऱ्या. पोळ्यातल्या अळ्यांना त्या किडे आणून भरवतात आणि त्या बदल्यात अळ्या त्यांना गोड थेंब देतात. ऑगस्टमध्ये अळ्या कमी होत जातात, मग कामकऱ्यांना गोड मिळेनासं होतं आणि त्या आपल्या आमरसावर येतात. (जीवशास्त्र शिकवते मी, सवय आहे.) म्हणून टेबलाच्या मधोमध अननस-कलिंगडाची नक्षी करायचं जे व्हॉट्सॅपवर चाललंय ते कृपया रद्द करा. फळं झाकून आत ठेवा, सगळ्यात शेवटी काढा. सरबताला झाकणाचे जग. हातांनी हाकलू नका, अजून चिडतात. टेबलापासून दूर, शेडच्या पलीकडे, एका बशीत जॅम ठेवते मी, गेल्या वर्षी आमच्याकडे बऱ्याच तिकडेच रमल्या होत्या.

---

प्रेषक: स्मिता
विषय: उत्तर: गांधीलमाश्या

पण झेंडू लावला की येत नाहीत ना माश्या?

---

प्रेषक: केतकी
विषय: उत्तर: उत्तर: गांधीलमाश्या

असं म्हणतात खरं, पण माझ्या कुंड्यांतल्या झेंडूवर मी त्यांना आरामात बसलेल्या बघितलंय.
झेंडूवरून आठवलं, फुलं आणायला जो जाईल त्याने नीट बघून आणा. इथे मॅरिगोल्ड म्हणून दोन वेगळी झाडं विकतात, त्यातलं पॉट मॅरिगोल्ड म्हणजे कॅलेंड्युला, ते झेंडू नव्हे, त्याला आपला तो वासही नसतो. फ्रेंच मॅरिगोल्ड घ्या. आणि तोडलेली फुलं आणण्यापेक्षा गार्डन सेंटरमधली रोपंच आणा ना, लहान कुंडीसकट तांब्यात बसतात, माती ओली असली की चांगलं वजन होतं, वाऱ्याने हलत नाहीत, आणि नंतर अंजूताईच्या वाफ्यात लावून टाकायची.

---

प्रेषक: विद्याताई
विषय: दिवे

झेंडूची रोपं चांगली कल्पना आहे. पण संध्याकाळी टेबलावर दिवे हवेत असं माझं मत आहे. चार दिवसांवर दिव्याची अवस, आणि आपण कोंबड्या भाजून घरी जाणार, हे मला पटत नाही. माझ्याकडच्या दोन समया आणते, घासलेल्याच आहेत.

---

प्रेषक: गौरी
विषय: उत्तर: दिवे

ताई, समई वाऱ्यात दोन मिनिटं टिकणार नाही, आणि मुलं धावत असतात. शिवाय ८ तारखेला सूर्यास्तच साडेआठच्या पुढे आहे, अंधार पडेपर्यंत छोट्यांची घरं निघालेली असतील. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत तळाला वाळू आणि टीलाइट असं करूया का? वाळूने बरणी जड होते, ज्योत आत राहते. समई घरात, अंजूच्या देवापाशी लावूया.

---

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: उत्तर: दिवे

मटणाच्या टेबलावर समई ठेवणार होते असं मी म्हटलेलं नाही, व्हेजच्या टोकाला म्हणत होते. बरण्या चालतील. पण धुऊन आणा, मागे एकीला लोणच्याचा वास येत होता.

---

प्रेषक: राजन
विषय: उत्तर: दिवे

दिव्याच्या अवसेचा विषय निघालाच आहे तर, बुधवारी १२ ला सूर्यग्रहणही आहे. स्पेनमध्ये खग्रास, आपल्याकडे सूर्य नव्वद टक्क्यांच्या आसपास झाकला जाणार, संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला. मग दीपपूजन कधी करायचं? वेध पाळायचे का? कणकेचे दिवे आधी उकडून ठेवले तर चालतात का?

---

प्रेषक: नानाकाका
विषय: उत्तर: उत्तर: दिवे

सूर्यग्रहण अमावास्येलाच व्हायचं, त्यात नवल ते काय. पूजा सकाळी उरकावी आणि संध्याकाळी चष्मा लावून ग्रहण बघावं, साध्या गॉगलने बघू नये. कणकेच्या दिव्यांत गूळ जरा जास्त घाला.
पानाच्या टोकाचा प्रश्न माझ्या लक्षात आला. पानं आडवी न घालता उभी घाला, टोकं टेबलाच्या रुंदीने. मग कोणाचंच चुकत नाही.

---

प्रेषक: अंजू
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: दिवे

काका, मग सगळ्यांचंच चुकतं :)
पानं जरा गॅसवरून फिरवून आणा, नाहीतर घडीवर फाटतात.

---

प्रेषक: प्रसाद
विषय: कापड कुठलं ते ठरलं का?

गुरुवार उजाडला. कापडाची जाडी कळल्याशिवाय चुंबक किती मोठे घ्यायचे ते सांगता येत नाही. जाड काठ असेल तर ६ मिलीमीटरचे धरणार नाहीत.

---

प्रेषक: गौरी
विषय: उत्तर: कापड कुठलं ते ठरलं का?

नाही ठरलं. दोन पांढऱ्या चादरी जोडायच्या म्हणतेय मी आता, पण मेलेलं दिसेल ते. कोणाकडे जुनी सुती नऊवारी आहे का? डाग पडला तरी चालेल अशी?

---

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: उत्तर: कापड कुठलं ते ठरलं का?

गौरी,
काल कपाट आवरताना आईचं एक सुती लुगडं निघालं. रोजच्या वापरातलं, चौकडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तिने ते नेसून चुलीपुढे आयुष्य काढलं, त्यावर ठिणग्यांची बारीक भोकं आहेतच, आणखी दोन पडली तर तिला काही वाटलं नसतं. रंग जायचा तेवढा कधीच जाऊन झालाय. ते आणते.
पण अंथरणार मी. दुपारी तीनला येते, तोवर टेबलं सलग लावून पुसून ठेवा. टोकाचं उरलेलं लोंबत सोडायचं नाही, घडी घालून टेबलाखाली सारायचं. आणि लुगड्याला कात्री, सेफ्टीपिन, सेलोटेप काहीही लावायचं नाही. प्रसादची नाणी चालतील.
डाग पडला तर कोणीही धुवायला नेऊ नये.
विद्या

---

प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कापड कुठलं ते ठरलं का?

विद्याताई, काठ किती जाड आहे? दोन पदरी दुमडून सांगाल का, मिलीमीटरमध्ये.

---

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: कापड कुठलं ते ठरलं का?

लुगड्याच्या काठाएवढा जाड आहे.

---

प्रेषक: गौरी
विषय: शनिवार, शेवटची मेल

ताई थँक्यू थँक्यू. तीनला सगळं तयार असेल.
वाटणी: केतकी झेंडूची ८ रोपं (फ्रेंच), स्मिता बरण्या, तांबे ज्याच्याकडे जे असतील ते, खाली नावाची चिठ्ठी चिकटवून. नाणी आपापली बघून आणा. चुंबक कमी पडले तर कपड्यांचे लाकडी चिमटे लावू, माझ्याकडे ११ आहेत, अजून ९ कोणीतरी आणा.
आणि डेकोरेशनचा डबा ज्याच्याकडे आहे त्याने तो गुपचूप अंजूच्या शेडमध्ये ठेवावा, कोणी काही विचारणार नाही.

---

प्रेषक: मिलिंद (खजिनदार)
विषय: उत्तर: शनिवार, शेवटची मेल

डबा माझ्या गॅरेजमध्ये निघाला. घेऊन येतो. चिमटे आहेत त्यात, मोजले नाहीत.