दाढा घासल्यानंतर गिनीपिगचं वजन वाढत नाहीये

काकडीवाली:
३ वर्षांची मादी. खालच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या, भूल देऊन घासून घेतल्या. आज नववा दिवस. आधी वजन ९८० ग्रॅम, आता ८४५, आणि चार दिवस तिथंच अडकलंय. भिजवलेल्या पेलेटचा (तयार खाद्याच्या सुक्या गोळ्यांचा) लगदा सिरिंजने दिवसातून ३ वेळा, दर वेळी ८ मिली देते. काकडी खाते, सुकं गवत तोंडात घेऊन टाकून देते. लेंड्या बारीक आणि कोरड्या. वेदनाशामक तीन दिवसांचं होतं, ते संपलं. काय बदलू?

हरळी:
दिवसाला २४ मिली फार कमी आहे. साधारण हिशेब किलोमागे ५० मिली, म्हणजे तिला ४२ मिलीच्या आसपास. ८-९ मिली असं पाच वेळा विभागा, त्यात एक वेळ रात्री उशिरा. तिचं आतडं सतत चालू राहावं लागतं, सात-आठ तासांची खंड नको. काकडी म्हणजे जवळपास पाणीच, ती खाण्यात धरू नका.

लगद्यासाठी पेलेट मिक्सरमध्ये कोरडेच बारीक करा, एका भागाला दोन भाग कोमट पाणी घाला आणि दहा मिनिटं फुगू द्या. भरड राहिलं की सिरिंज तुंबते, मग जोर लावला जातो आणि एकदम मोठा घोट श्वासनलिकेत जातो. १ मिलीची सिरिंज घ्या. पाठीवर उताणं करू नका. मांडीवर टॉवेलात बसवून, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने अर्धा मिली सोडा आणि ती चावून गिळेपर्यंत थांबा.

वजन रोज सकाळी, लगदा देण्याआधी घ्या. ९ मिली पोटात गेलं की काटा तेवढाच वर सरकतो आणि उगाच समाधान वाटतं. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा काटा पुरे.

दाढदुखी:
माझ्या मते खरी अडचण वेदनेची आहे. गवत तोंडात घेऊन टाकते, म्हणजे भूक आहे पण चावताना दुखतंय. दाढेची एखादी धार राहिली असेल, गालाला किंवा जिभेला जखम असेल, किंवा मुळाशी पू झाला असेल. १३५ ग्रॅम म्हणजे जवळपास १४ टक्के वजन गेलंय, त्यामुळे उद्याच डॉक्टरांना दाखवा. तोंड पुन्हा तपासायला आणि कवटीचा एक्सरे काढायला सांगा. मेलोक्सिकॅम (वेदनाशामक) पुढे चालू ठेवायचं का तेही विचारा, मात्रा तेच वजनावर ठरवतील. घरातली माणसांची गोळी अजिबात नको.

प्रतिजैविक लिहून दिलं तर नाव वाचा. अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तोंडावाटे दिलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि जुलाबाने जीव जाऊ शकतो. ससे-गिनीपिग नेहमी पाहणारे डॉक्टर ते देत नाहीत.

हरळी:
हे आधी करा, लगदा त्याच्या सोबतीला.

जोडीला क जीवनसत्त्व. गिनीपिगचं शरीर ते बनवत नाही. आजारपणात किलोमागे रोज ३० ते ५० मिग्रॅ चालतं, तिला २५ ते ४०. लहान मुलांचे नुसते क जीवनसत्त्वाचे थेंब घ्या (एका मिलीत किती मिग्रॅ ते लेबलवर असतं), मल्टिव्हिटॅमिन नको. पिण्याच्या पाण्यात घालू नका, लवकर नासतं आणि किती पोटात गेलं ते कळत नाही.

दाढदुखी:
गवत समोरून काढू नका. ताजी, धुतलेली कोवळी हरळी दोन-तीन सेंटिमीटर कापून ठेवा, ढोबळी मिरचीच्या पातळ पट्ट्या आणि कोथिंबीर द्या. वजनासाठी लसूणघास थोडे दिवस चालेल, पण कॅल्शियम जास्त असतं, मूतखड्याची भीती. मोठ्या जनावराला कायमचा नको.

स्वतः खाऊ लागली आणि तीन-चार दिवस वजन टिकलं, की लगद्याची एकच वेळ कमी करा आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर पाहा. एकदम बंद केलंत तर पुन्हा घसरेल. लेंड्या जाड आणि एकसारख्या होणं ही वजनाआधीची खूण. दाढा पुन्हा वाढतातच, काहींना दर चार-आठ आठवड्यांनी घासावं लागतं, तेव्हा वजनाची वही चालूच ठेवा.

काकडीवाली:
उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. आजपासून पाच वेळा देते. रात्रीची वेळ ११.३० ठेवली तर सकाळची ६ ला चालेल?

हरळी:
चालेल. मधल्या वेळेत ताजी हरळी पिंजऱ्यात असू द्या.